नवाब काय जेवला?

९ मार्च २००८, रविवार

दवाखान्यात सिस्टर असताना तीस वर्षं रिपोर्ट लिहिले, आता रिटायर झाल्यावर कोणाचा रिपोर्ट लिहायचा? तर माशाचा. घ्या.

ललित पुण्याला जाऊन दोन आठवडे झाले. इथं अकोल्यात स्टेशनच्या रस्त्यावरचं त्याचं माशांचं दुकान बंद पडलं. बंद पडणारच होतं, मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. कापूसवाल्यांच्या हातात पैसा खेळत होता तेव्हा घरात काचेची पेटी ठेवायची हौस होती लोकांना. आता जिनिंग बंद, बाजार सुना, मासे कोण घेतं? एका जिनिंगवाल्याने समुद्रातला मासा मागवला होता, दिवाणखान्यात ठेवायला. ललितने तो मुंबईहून पिशवीत हवा भरून रेल्वेने आणला, मांडीवर घेऊन. तोवर त्या माणसाची जिनिंगच बंद पडली होती. मासा आमच्या घरी राहिला.

लायन फिश म्हणतात त्याला. लाल-पांढरे पट्टे, अंगभर पिसं पसरल्यासारखे काटे, आणि त्या काट्यांत विष. ललितचा दोस्त गुलफाम, इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान आहे त्याचं, त्याने नाव ठेवलं नवाब. नवाबच आहे मेला. पेटीत दुसरा कोणी चालत नाही. सुरुवातीला ललितने सोबत म्हणून दोन सुंदर निळे मासे सोडले होते. सकाळी नवाब एकटाच, पोट फुगलेलं.

जाताना ललित म्हणाला, "आई, जम बसला की घेऊन जाईन. तोवर सांभाळ." पुण्यात तो हॉटेलांतल्या, कंपन्यांतल्या काचेच्या पेट्या धुतो. मी म्हटलं, "इथं वार्डात जहर पिलेली माणसं आणून राहिले लोक, अन् माझा पोरगा मासे धुवायले पुण्याले चालला." त्याने बॅग उचलली आणि गेला.

आज फोन आला. पहिलं वाक्य, "आई, जेवली का?" मी म्हटलं, "जेवल्याबिगर जगते का कोनी? माझं काय विचारतं, तुह्या मास्याचं विचार." मग त्याने माशाचं विचारलं. मी सांगितलं. झाला फोन.

१४ मार्च

नवाबला जिवंत मासे लागतात. ललितने छोट्या माशांची बाटली भरून ठेवली होती, ती संपली. मला ते पाहवतही नव्हतं. हा काटे पसरून कोपऱ्यात त्या लहानग्याला हळूहळू दाबत नेतो, घाई नाही काही, आणि मग एकदम गट्ट. तोंड उघडलेलंही दिसत नाही.

मी ठरवलं, याला मेलेलं खायला शिकवायचं. बाजारातून झिंगे आणले, धुतले, आणि माझा जुना आर्टरीचा चिमटा काढला. ड्रेसिंगचा लांब चिमटा, रिटायर होताना मुलींनी आठवण म्हणून दिलेला. झिंगा चिमट्यात धरून पाण्यात हलवत राहिले. ढुंकून पाहिलं नाही साहेबांनी. हात भरून आला. मी म्हटलं, "खाशीन नाही त जाशीन कुठी?" वार्डात मी भल्याभल्यांना पेज पाजली आहे.

१७ मार्च

खाल्ला! चिमट्यावर अशी झडप घातली की हातातून सुटला असता. आनंदाने शेजारच्या माणिकबाईंना हाक मारली. त्या दारातूनच म्हणाल्या, "व माय, सिस्टर, त्याले पाहूनच अंगावर काटा येते." आणि आत न येताच गेल्या. पूर्वी चहाला बसायच्या. बसायचं नसेल तर नको. मी काही कोणाला बोलवायला जात नाही.

३० मार्च, रविवार

फोन. "नवाब काय जेवला?" मी सांगितलं, दोन झिंगे. "पाणी बदललं?" बदललं. "मिठाचा काटा बघितलास?" बघितला. (पाण्यात बुडवला की त्यात मीठ किती ते दाखवतो तो.) "मला वाटतं आई, तुला फार त्रास होतोय. नागपूरचा एक जण घ्यायला तयार आहे. गुलफाम पोचवून देईल."

मला, तुला! पुण्यात जेमतेम महिना झाला तर 'मले'चं 'मला' झालं. (लिहिताना मीही 'मला' लिहिते ते वेगळं, त्याच्यासाठी शाळेत छड्या खाल्ल्या आहेत.) मी म्हटलं, "काही त्रास नाही. कोनाले देऊ नको. तुहा मासा आहे, तूच घेऊन जा."

फोन ठेवल्यावर पेटीसमोर जाऊन बसले. नवाब गेला तर हा दर रविवारी फोन कशाला करेल? आईची काय पडली आहे त्याला. एका शब्दानेही विचारत नाही, कशी आहेस, जेवलीस का.

१४ एप्रिल

जयंती. सकाळी विहारात जाऊन आले, पांढरं पातळ नेसून. मिरवणुकीतली मुलं पाणी प्यायला घरात आली आणि पेटीसमोरच बसली. घर भरून गेलं एकदम. मी सरबत करून आणेपर्यंत पुढच्या चौकातला डीजे वाजला आणि सगळी पळाली. इतकं सरबत उरलं. संध्याकाळपर्यंत मीच पीत होते.

६ मे

अकोल्याचं ऊन काय सांगायचं, भांडं धरवत नाही. वर लोडशेडिंग. लाईट गेली की पेटीतला पंप बंद, कूलर बंद, पाणी तापायला लागतं. ललितने सांगितलं होतं, बाटल्यांत बर्फ करून पाण्यात तरंगत ठेवायच्या. फ्रिजही बंदच असतो, त्यात बर्फ तरी कुठून? बर्फाच्या कारखान्यातून लादी आणते, गोणपाटात गुंडाळून, रिक्षात पायाशी ठेवून, आणि फोडून बाटल्यांत भरते. आज रिक्षावाला म्हणाला, "लग्न आहे का घरी?" मी म्हटलं, "हाव, नवरदेव तापला आहे."

गुलफामने बॅटरीवर चालणारा हवेचा पंप लावून दिला. पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "मावशी, ललितने सांगतलं आहे, तुमच्याकडं येत जा." मी म्हटलं, "मास्याकडं येत जा म्हन. माझ्याकडं काय आहे?" चहा विचारायचा राहूनच गेला.

दुपारी पेटीजवळ खुर्ची टाकून बसले, ओला पंचा काचेवर टाकत. नवाब तळाशी बसून श्वास घेत होता, कल्ले उघडमीट, उघडमीट. मला वार्ड आठवला. फवाऱ्याचं औषध पिऊन आलेला माणूस असाच श्वास घ्यायचा, आणि आम्ही त्याच्याजवळ बसून फक्त मोजायचो. किती जणांजवळ बसले मी. बाहेर त्यांच्या बायका भिंतीला टेकून असायच्या. माझा स्वभाव तिथूनच असा झाला असं ललितचे बाबा म्हणायचे. म्हणायचे, घरी येताना वार्ड तिथंच ठेवून येत जा. मला कधी जमलं नाही. आता ते फोटोत, आणि मी माशाला ओला पंचा घालते आहे.

लाईट आली तेव्हा इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली. एकटीच.

१ जून, रविवार

पिशवीतलं मीठ तळाला लागलं. साधं मीठ नव्हे, माशांचं खास मीठ, मुंबईहून येतं. ललितने विचारलं, "आई, मीठ किती उरलं? पाठवू का?" मी म्हटलं, "भरपूर आहे." का म्हटलं? मागच्या वेळी उन्हाचं सांगितलं तर लगेच पुन्हा त्या नागपूरवाल्याचं नाव निघालं. मीठ संपलं म्हटलं तर म्हणेल, जाऊ दे आई, गुलफाम नेऊन देईल. गुलफामला सांगितलं तर तो लगेच त्याला सांगणार. म्हणून कोणालाच सांगितलं नाही. मी काही मार्ग काढेन. तीस वर्षं औषधं संपलेला वार्ड चालवला आहे.

१२ जून

माहेरी आले. दर्यापूरच्या बाजूला, पूर्णेच्या काठचं गाव. धाकटा भाऊ धर्मपाल एकटाच शेती करतो. पाऊस पडला आहे थोडा, पेरू की नको असं चाललंय त्याचं. म्हणाला, "ताई, गावात पेपरवाल्याईच्या गाड्या येऊन राहिल्या. इचारतात, कोन्या घरचं मानूस जहर पिऊन गेलं, फोटो काढतात अन् जातात. जितं मानूस कोनी इचारत नाही."

ओट्यावर बसून विहिरीचं पाणी तोंडात घेतलं आणि थुंकले. खारं! आमचा सगळा खारपाणपट्टा. लहानपणी डाळ शिजायची नाही, चहात दूध घातलं की फाटायचं, साबणाला फेस नाही. गोडं पाणी लांबून डोक्यावर आणायचो. आणि तेव्हाच डोक्यात उजेड पडला. समुद्राचं पाणी खारं, आमचं पाणी खारं. मासा खाऱ्या पाण्यातला. मग मुंबईचं मीठ कशाला लागतं? म्हातारे सांगायचेच की इथं कधीकाळी समुद्र होता.

धर्मपालला म्हटलं, चार कॅन भर. तो हसला. "या पान्यानं मानसाईच्या किडन्या गेल्या, ताई, तुले माहीत नाही का?" माहीत कसं नाही? या भागातले पेशंट मीच सांभाळलेत. पण नवाब काय माणूस आहे?

१४ जून

आज अर्धं पाणी बदललं. मिठाचा काटा थोडा खाली होता, म्हणून त्यात खडे मीठ विरघळवलं. खडे मीठ समुद्राचंच असतं, पाणी आमचं, मग कमी काय आहे? काटा बरोबर हिरव्या पट्ट्यात आला. पाणी असं नितळ दिसलं की काय सांगू. नवाब वर आला, झिंगा घेतला. मी त्याला म्हटलं, "घे, माह्या माहेरचं पानी आहे." इतका अभिमान मला परीक्षा पास झाले तेव्हाही वाटला नव्हता.

१५ जून, रविवार

सकाळपासून तळाशी आहे. काटे मिटलेले. कल्ले भराभर चाललेत. घड्याळ लावून मोजले, मग मोजायचं सोडलं. झिंगा तोंडासमोरून गेला तरी हलला नाही.

फोन. "नवाब काय जेवला?"

"दोन झिंगे," मी म्हटलं.

तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. त्याने काही उपाय सांगितला असता. ओठावर आलं होतं, लल्या, तो श्वास घेऊन राहिला वार्डातल्यासारखा. पण मग तो म्हणाला असता, पाणी कुठलं घातलं? आणि मी काय सांगितलं असतं?

फोन ठेवल्यावर मी ते पाणी बादल्यांनी काढलं, जुन्या पिशवीतलं उरलंसुरलं मीठ झाडून घेतलं. पुरलं नाही.

१६ जून

गेला. आडवा पडला होता दगडाजवळ. रंग तसाच, लाल-पांढरा. मी चिमट्याने काढला. पण शेपटीकडून निसटला, म्हणून हाताने सावरला, आणि करंगळीत काटा घुसला. मेल्यावरही विष असतं, ललितने सांगितलं होतं. खांद्यापर्यंत आग गेली. गरम पाण्यात हात बुडवून ओट्याला टेकून उभी राहिले आणि रडले. हाताच्या दुखण्याने रडले असं म्हणते मी. घरात दुसरं कोण होतं विचारायला?

संध्याकाळी अंगणात कडुनिंबाखाली पुरला.

१८ जून

गुलफाम बॅटरीत पाणी घालायला आला. माझा हात सुजलेला, पट्टी बांधलेली. "मावशी, हे काय झालं?" मी म्हटलं, विंचू चावला. तो पेटीपाशी जाऊन उभा राहिला. बराच वेळ उभा होता. मी म्हटलं, "दगडाच्या मागं बसला आहे. दुपारचा दिसतच नाही तो." म्हणाला, "हाव, असन." मग म्हणाला, "मावशी, दवाखान्यात चलता का? गाडी आहे माह्याजवळ." मी म्हटलं, मीच दवाखाना आहे. जाताना त्याने अंगणात मातीच्या नव्या ढिगाकडे पाहिलं. पण काही विचारलं नाही. त्याला काही कळलं नाही, बरं झालं.

२२ जून, रविवार

दिवसभर ठरवत होते की आज सांगायचं. फोन वाजला.

"नवाब काय जेवला?"

"एक झिंगा. उन्हानं भूक कमी झाली त्याची."

"बरं." मग म्हणाला, "आई, तुझे हातपाय दुखत नाहीत ना?"

हे काय मधेच? मी म्हटलं, "वय झालं, दुखनारच." त्याने मिठाचं विचारलं नाही. विसरला असेल. माझं नशीब.

६ जुलै, रविवार

पंप चालू ठेवते. दिवा लावते. पंप बंद केला की घर इतकं शांत होतं की भांडं ठेवलं तरी दचकते. रिकाम्या पेटीतलं पाणी फिरत असतं आणि मी खुर्ची टाकून बसते. वेड लागलं असं माणिकबाई म्हणतील. म्हणोत.

एक केलं आहे. खोटं बोलायचं तर निदान अर्धं तरी खरं असावं. म्हणून रविवारी सकाळी झिंगे आणते. करते आणि मीच खाते. मग तो विचारतो, "काय जेवला?" तर सांगते, झिंगे. आज म्हणाला, "नुसतेच?" मी म्हटलं, "नुसतेच नाही त काय, कांदा-मसाला घालते काय त्याले?" तो हसला. किती दिवसांनी हसला. मला वाटलं, घालते बाबा, कांदाही घालते, वरून सांभार-कोथिंबीरही घालते.

२७ जुलै, रविवार

आजकाल फार विचारतो. सकाळी काय खाल्लं, रात्री काय, झोपतो का नीट, एकटा कंटाळत नाही ना. माशाचं इतकं कोणी विचारतं का? मी सांगत बसते. एकटाच असतो, मी म्हटलं. दिवा लागला की काचेपाशी येतो. कोणी आलं की मागं जातो, पण गेलं की पुन्हा वाट पाहतो. तो म्हणाला, "मग त्यानं यायचं ना पुढे, लोक बसले असताना." मी म्हटलं, "त्याचा स्वभावच तसा आहे."

अर्धा तास बोललो. फोन गरम झाला होता. आणि या सगळ्यात माझ्याविषयी एक अक्षर नाही. असो.

१३ ऑगस्ट

संपलं. आज मधल्याच वारी फोन. पंधरा ऑगस्टला जोडून सुट्टी आहे, शनिवारी सकाळच्या गाडीने येतो म्हणाला. नवाबला बघायचंय म्हणाला.

गुलफामच्या दुकानात धावत गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या दुकानात. म्हटलं, बेटा, मुंबईहून दुसरा मिळेल का, दोन दिवसांत, तसाच, तेवढाच? सगळं सांगितलं, पाण्याचं, खडे मिठाचं, विंचवाचं. तो खाली मान घालून ऐकत होता. म्हणाला, "मावशी, तुमी बसा आधी. चाय घ्या." मग म्हणाला, "येऊ द्या त्याले. काही होत नाही."

काही होत नाही! त्याचं काय जातं? ललित येईल, पेटी पाहील, आणि रविवारचा फोन बंद होईल.

१६ ऑगस्ट, शनिवार

आला. वाळला आहे. पायातून बूट काढता काढताच पेटीकडे गेला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी, हातात पोळीचं पीठ. तो वाकून पाहत राहिला. दिवा चालू, पंप चालू, पाणी स्वच्छ, दगड.

मी म्हटलं, "लल्या, तो नाही आहे."

"माहीत आहे, आई."

"कधीचं?"

"जूनपासून. गुलफामनं त्याच दिवशी सांगतलं. तुह्या हाताचंही."

मला असा संताप आला. हातातलं पीठ तसंच परातीत आपटलं. म्हटलं, "मंग दर रविवारी काय विचारून राहिला होता बे? झोपते का, जेवते का, कंटाळते का? मेलेल्या मास्याचं?"

तो पेटीजवळच्या माझ्या खुर्चीवर बसला. म्हणाला, "दुसरं काय विचारू? पहिल्याच फोनले विचारलं होतं, आई जेवली का. तू काय म्हनली? माझं नको विचारू, मास्याचं विचार. मंग मी मास्याचंच विचारलं."

मी मागे जाऊन या वहीचं पहिलं पान वाचलं. तसंच लिहिलं आहे, माझ्याच हाताने.

मग तो आत आला आणि परातीतलं पीठ मळायला घेतलं. नीट येत नाही त्याला. मी सांगत होते, पाणी कमी घाल.

१७ ऑगस्ट

पेटी रिकामी केली दोघांनी. खारं पाणी झाडांना चालत नाही, म्हणून बादल्या नालीत ओतल्या. दगड पोत्यात भरले, काच पुसली. माणिकबाई आवाज ऐकून आल्या आणि मासा नाही पाहून आत येऊन बसल्या. मी चहा ठेवला. गुलफामही आला. ललित माझ्या पाण्याची गोष्ट सांगून सांगून हसत होता. मीही हसले, पण कडुनिंबाकडे पाठ करून बसले होते.

पुण्याला चल म्हणाला. मी म्हटलं, पाहू. रात्रीच्या गाडीने गेला.

२४ ऑगस्ट, रविवार

सकाळी झिंगे आणले नाहीत. कशाला आणायचे? रिकाम्या पेटीवर चादर टाकली आहे. फोन जवळ घेऊन बसले होते. वाटलं, आज काय विचारणार तो? आज नाहीच येणार.

वाजला.

"आई, काय जेवली?"

दोन झिंगे, असं तोंडावर आलं होतं. सवयीने. मग म्हटलं, "काहीच नाही. काल रातीपासून काही नाही खाल्लं. एकटीसाठी करू वाटत नाही रे."

तो मग म्हणाला, "आता कर. फोन ठेवू नको, तसाच ओट्यावर ठेव."

मी ठेवला. कांदा चिरला, बेसन कालवलं, कढई तापवली. तेलात जिरं-मोहरी पडली तेव्हा तिकडून म्हणाला, "ऐकू आलं."

झुणका झाला, भाकर टाकली. जेवून मगच फोन ठेवला.